सातबारा नसलेलं वतन

परवा एका घरगुती बैठकीत पौरोहित्यावरून चर्चा रंगली आणि बघता बघता गाडी आपल्या गावच्या भटजींवरून थेट प्राचीन इस्राएलात जाऊन पोचली. एक गृहस्थ म्हणाले, "कुठेही जा हो, पुरोहित म्हणजे देवाच्या नावावर ताव मारणारी जमात. ज्यूंचे याजक वेगळं काय करत होते? बळीचं मटणच खात होते ना?" त्यावर दर रविवारी नेमाने देवळात जाणारे दुसरे गृहस्थ उसळले. त्यांच्या मते बायबलमधला याजक म्हणजे त्यागाची मूर्ती. सगळ्या वंशांनी जमिनी वाटून घेतल्या, याजकाने मात्र देवालाच आपलं धन मानलं. पुढचा तासभर दोघांनी हीच दोन वाक्यं एकमेकांना आवाज चढवून ऐकवली. मी चहा पीत गप्प बसलो होतो, कारण मला दोघांचंही पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

माझं म्हणणं असं की 'त्यागी की लुटारू' हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे. इस्राएलच्या याजकाला जमीन नव्हती हा त्याचा त्याग नव्हता; त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्याला बळीतला वाटा मिळत होता म्हणून तो लुटारूही ठरत नाही. त्याच्याभोवती नियमांचं एक कुंपण घातलेलं होतं. पुरोहितवर्ग जगभर ज्या दोन गोष्टींवर गब्बर होत आला, त्या दोन्ही, म्हणजे जमीन आणि मरण, त्याच्यासाठी बंद केलेल्या होत्या. त्या कुंपणावरून उड्या पडल्या, भरपूर पडल्या. पण कुंपणच नव्हतं असं म्हणणं वेगळं आणि ते ओलांडलं गेलं असं म्हणणं वेगळं.

आधी शब्दापासून सुरुवात करू, कारण मराठी वाचकाला इथे एक आयती किल्ली मिळालेली आहे. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात देव मोशेच्या भावाला, पहिला मुख्य याजक अहरोन याला, सांगतो की या देशात तुला जमिनीचा हिस्सा नाही; तुझा वाटा आणि तुझं 'वतन' मीच. मूळ हिब्रू शब्द 'नहला', म्हणजे कुळाला वाटणीत मिळालेली, बापाकडून मुलाकडे जाणारी जमीन. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'वतन' हा शब्द घेतला आणि नकळत एक मोठा वाद आपल्या अंगणात आणून ठेवला. आपल्याकडे वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. वतन म्हणजे पिढीजात काम आणि त्या कामापोटी पिढीजात हक्क. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन, ग्रामजोशाचं वतन. आणि वतन बेडीही असू शकतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात बदल करणारं बिल आणलं ते याचसाठी. तुटपुंज्या इनामाच्या बदल्यात सबंध जातीला चोवीस तास राबवून घेणारी ती व्यवस्था होती. तेव्हा 'तुझं वतन मीच' हे वाक्य मराठीत वाचताना दोन्ही अर्थ कानात वाजले पाहिजेत. हक्क काय मिळाला, आणि त्यापोटी बांधलं कशाला?

हे वाक्य येतं कधी, तेही बघण्यासारखं आहे. त्याच्या दोनच अध्याय आधी कोरहाचं बंड आहे. कोरह स्वतः लेवी वंशातला, म्हणजे पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या वंशातला; याजक मात्र त्यातल्या एकट्या अहरोनाच्या घराण्याचे. त्याने मोशे आणि अहरोनाला विचारलेला प्रश्न आजही झोंबणारा आहे: सगळी मंडळीच पवित्र आहे, देव सगळ्यांमध्येच आहे, मग तुम्ही स्वतःला वर का चढवून घेता? ग्रंथाने बंडखोराला जमिनीच्या पोटात गाडलं, पण त्याचा प्रश्न गाडला नाही, तो शब्दशः नोंदवून ठेवला. आणि त्यानंतरचा अठरावा अध्याय याजकाच्या मानाने सुरू होत नाही, तर दोषाने सुरू होतो. पवित्रस्थानात जे काही चुकेल त्याचा दोष तू, तुझे मुलगे आणि तुझ्या बापाचं घराणं वाहील, असं पहिल्याच ओळीत अहरोनाला बजावलं आहे. प्रथमफळं, तेल, द्राक्षारस, बळीतला वाटा, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) हे सगळं नंतर येतं. पगाराच्या आधी जोखीम सांगणारं नेमणूकपत्र तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

आता शेजारी डोकावू. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाची गोष्ट आहे. दुष्काळात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, शेतकऱ्यांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरं दिली, शेवटी जमिनी दिल्या. सगळा देश फारोच्या मालकीचा झाला. सुटली फक्त याजकांची जमीन, कारण त्यांना फारोकडून नेमणूक मिळत होती. इस्राएली लेखकाला हे ठाऊक होतं आणि त्याने ते मुद्दाम दोनदा सांगितलं आहे. मिसरच्या देवळांची श्रीमंती ही काही कल्पना नाही. तिसऱ्या रामेसेसच्या काळातली सुमारे ४० मीटर लांबीची पपायरसाची गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. देवळांना दिलेली शेतं, गुरं, माणसं, जहाजं यांची ती यादी आहे. तिकडे बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, तर देवळातली सेवाच मालमत्ता झाली होती. अमुक देवळात देवाच्या नैवेद्याची भाकरी भाजण्याचा हक्क वर्षातल्या अमुक दिवसांपुरता माझा. तो मी विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, मुलीच्या हुंड्यात घालू शकतो. मातीच्या विटांवर लिहिलेले असे कितीतरी व्यवहार सापडले आहेत. या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध बसलेला एक छोटा समाज आपल्या याजकाला सांगतो की तुला शेत नाही. राहायला गावं मिळतील, सगळ्या लेवी वंशाला मिळून ४८, त्यातली १३ अहरोनाच्या घराण्याला. गावाभोवती गुरं चारायला गायरान मिळेल, पण ते गायरान विकता येणार नाही. हा योगायोग असेल का?

दुसरं बंद दार मरणाचं. या मुद्द्याकडे आमच्या बैठकीत कोणाचंच लक्ष गेलं नाही, आणि मला तो जमिनीपेक्षाही मोठा वाटतो. पुरोहिताचा सगळ्यांत खात्रीचा धंदा कुठला? लग्न टळेल, मुंज टळेल, मरण टळत नाही. आणि मरणाच्या घरी माणूस घासाघीस करत नाही. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला जे मागतील ते दिलं जातं, कारण समोर बापाच्या आत्म्याचा प्रश्न असतो. मिसरमध्ये तर मेलेल्याच्या नावे शेतं लावून दिली जात. त्या उत्पन्नावर पुरोहिताने रोज त्याच्या थडग्यापाशी अन्नपाणी ठेवायचं, आणि ते काम त्याच्या मुलाकडे जायचं. इस्राएलच्या याजकाला प्रेताच्या जवळ जाण्याचीच बंदी. आई, बाप, मुलगा, मुलगी, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण एवढ्यांपुरती सूट. मुख्य याजकाला तर आईबापासाठीही नाही. दर तिसऱ्या वर्षी दशमांश देणाऱ्या शेतकऱ्याने देवासमोर जी ग्वाही द्यायची, तिच्यात 'यातलं मी मेलेल्याला काही दिलं नाही' असं एक वाक्य आहे. म्हणजे देणाऱ्यालाही बजावलेलं आणि घेणाऱ्यालाही दूर ठेवलेलं. हे सोवळं म्हणून सोडून देणं सोपं आहे, आणि शुद्धाशुद्धतेची कल्पना त्यामागे आहेच. पण परिणाम बघा. माणूस सगळ्यांत हतबल असतो त्या क्षणी याजक त्याच्या दारात उभा राहू शकत नाही.

मग हा माणूस दिवसभर करत काय होता? बळी कापत होता, असं आपण समजतो. लेवीय पुस्तक सांगतं की होमबळीचं जनावर आणणारा माणूस स्वतःच्या हाताने ते कापतो. याजकाचं काम रक्ताचं, वेदीचं आणि अग्नीचं. त्याच्या दिवसाची सुरुवात राख काढण्यापासून होई. तागाची वस्त्रं घालून वेदीवरची राख बाजूला काढायची, मग कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. पुढच्या काळात या राख काढण्याच्या कामासाठी याजकांमध्ये अशी चढाओढ लागली की वेदीच्या चढावरून पळताना एकाने दुसऱ्याला ढकललं आणि त्याचा पाय मोडला; तेव्हापासून चिठ्ठ्या टाकायची पद्धत आली, असं मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह सांगतो. (झाडलोटीसाठी पाय मोडून घेणारे पुरोहित, ही नोंद मला उगाचच आवडते.) अंगावर चट्टा उठला की माणूस त्याच्याकडे येई. तो औषध देत नसे, मंत्र म्हणत नसे. केस पांढरा झाला आहे का, डाग कातडीच्या आत गेला आहे का, हे बघायचा, सात दिवस वेगळं ठेवायचा, पुन्हा बघायचा, गरज पडली तर आणखी सात दिवस. बरा झालेला माणूस छावणीत परत यायचा असेल तर याजकाने उठून छावणीबाहेर त्याच्याकडे जायचं. घराच्या भिंतीला चट्टा पडला असेल तर याजक तपासायला येण्याआधी घरातलं सामान बाहेर काढून ठेवा, नाहीतर घराबरोबर तेही अशुद्ध ठरेल, असा नियम आहे. गरिबाची मडकी-गाडगी वाचावीत म्हणून अधिकाऱ्याने येण्याआधी निरोप पाठवायचा! धाड घालणाऱ्या कुठल्या खात्याच्या नियमपुस्तकात हे कलम सापडेल?

आणि शिकवणं. मोशेच्या शेवटच्या आशीर्वादात लेवीची कामं सांगितली आहेत, तिथे नियम शिकवणं आधी येतं आणि धूप जाळणं नंतर. पवित्र आणि सामान्य, शुद्ध आणि अशुद्ध यांतला भेद लोकांना समजावून सांगायचा. गावच्या न्यायाधीशांना न सुटलेला खटला आला तर निवाडा द्यायचा. लढाईच्या आधी सैन्यासमोर उभं राहून चार शब्द बोलायचे. आशीर्वाद द्यायचा तोही स्वतःच्या खिशातला नाही. हिब्रूत तो जेमतेम १५ शब्दांचा आहे, आणि त्याच्यापुढे लगेच खुलासा येतो की याजकांनी माझं नाव लोकांवर ठेवायचं, आशीर्वाद मी देईन. पापाच्या बाबतीतही मोजमाप उलटं आहे. सामान्य माणसाच्या हातून चूक झाली तर शेळी पुरते. अभिषिक्त याजकाच्या हातून झाली तर गोऱ्हा, म्हणजे सबंध मंडळीच्या चुकीला लागतो तेवढाच. आणि त्या गोऱ्ह्याचं मांस त्याला खाता येत नाही. स्वतःच्या पापावर जेवणाची सोय नाही.

इथपर्यंत ऐकून बैठकीतले पहिले गृहस्थ म्हणाले असते, "बरं, आता हिशेब बोला." आणि हिशेब खरंच अडचणीचा आहे. योसेफाचे दोन वंश धरून जमीन बारा वंशांत वाटली गेली. लेवीला तेरावा हिस्सा दिला असता तर तो झाला असता पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. त्याऐवजी त्याला मिळाला दशमांश, म्हणजे दहा टक्के, तोही न नांगरता. बरं, लेवी होते किती? ग्रंथातलीच गणती घ्या: एक महिन्याच्या पोरापासून पुढचे सगळे पुरुष मिळून २२,०००. बाकीच्या वंशांतले वीस वर्षांवरचे, शस्त्र धरू शकणारे पुरुषच ६,०३,५५०. हे आकडे इतिहास म्हणून कोणी घेत नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनातलं प्रमाण त्यातून कळतं. शंभरातल्या चार माणसांपेक्षाही कमी लोकांना दहा टक्के उत्पन्न. शिवाय लेव्यांनी आपल्या दशमांशातला दशमांश याजकांना द्यायचा, वर बळीतला ऊर आणि उजवी मांडी, पहिल्या कातरणीची लोकर. आणि हे नियम लिहिले कोणी? बहुतेक अभ्यासकांच्या मते याजकांच्याच वर्तुळात लिहिले गेले. स्वतःचा पगार स्वतःच ठरवलेल्या माणसाने 'मला जमीन नको' म्हणणं कितपत मनावर घ्यायचं?

ही सगळ्यांत जड हरकत आहे, आणि ती उडवून लावणारे लोक ग्रंथ वाचत नाहीत, नुसता कपाळाला लावतात. तरी ती एका जागी लंगडी पडते. उत्पन्न किती यापेक्षा ते वसूल कसं होतं हा प्रश्न मोठा. आपल्याकडचं उदाहरण घ्या. सत्यशोधक समाजाच्या लोकांनी जोशाशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले. तुम्ही मला बोलवा न बोलवा, लग्न माझ्या गावात झालं, माझी दक्षिणा बुडाली, ती भरून द्या, असा दावा. ते वतन होतं, त्यामागे सरकार उभं होतं. इस्राएलच्या लेव्याकडे असा कुठला दावा होता? अनुवाद या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितला आहे, आणि तो खाणाऱ्यांची यादी अशी: लेवी, परका, अनाथ, विधवा. ही सत्ताधाऱ्यांची पंगत दिसते का? लोकांनी दिलं नाही तर काय व्हायचं, हेही नोंदलेलं आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदाचा सुभेदार नहेम्या यरुशलेमला परतला तेव्हा त्याला मंदिरात लेवी आणि गायक दिसेनात. त्यांचे वाटे कोणी दिले नव्हते. सगळे आपापल्या शेतांवर पळाले होते. त्यांनी धरणं धरलं नाही, जप्ती आणली नाही, शाप दिले नाहीत, नांगर धरला. शिव्या नहेम्याने घातल्या, त्या अधिकाऱ्यांना. ज्या वतनदाराचं पोट भरणं रयतेच्या राजीखुशीवर असतं, त्याला वतनदार म्हणायचं तर शब्द ताणूनच म्हणावं लागेल.

"आपापल्या शेतांवर? म्हणजे शेतं होती तर!" ही दुसरी हरकत, आणि तीही खरी. नियम एक आणि गाव दुसरंच, हे चित्र ग्रंथात जागोजागी आहे. शलमोन राजा अब्याथार याजकाला पदावरून काढतो तेव्हा म्हणतो, जा अनाथोथला, आपल्या शेतावर. यिर्मया संदेष्टा अनाथोथच्याच याजक घराण्यातला. यरुशलेमला वेढा पडलेला असताना तो आपल्या चुलतभावाकडून १७ शेकेल चांदीला शेत विकत घेतो, साक्षीदार बोलावून, खरेदीखत करून, खताची एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. संदेष्टा यहेज्केल तर एका पानावर म्हणतो की याजकांना इस्राएलात मालकी देऊ नका, आणि पुढच्याच पानावर त्यांना राहायला लांबरुंद पवित्र पट्टा मोजून देतो. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसीफस स्वतः याजक घराण्यातला. त्याच्या यरुशलेमजवळच्या जमिनीच्या बदल्यात रोमी सेनापती तीतसाने त्याला मैदानी भागातली दुसरी जमीन दिली, हे त्यानेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. एखादा म्हणेल की बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या याजकांकडे जमीन उरलीच नव्हती, म्हणून त्यांनी नाइलाजाचं व्रत केलं. काही अंशी तसं झालंही असेल. पण नियम कुठल्या गरजेतून जन्मला यावरून त्याने पुढे काय केलं हे ठरत नाही.

त्याने काय केलं? त्याने याजकाला मोजायची पट्टी लोकांच्या हातात दिली. एली याजकाच्या मुलांची, हफनी आणि फिनहास यांची, गोष्ट आठवा. शिलोच्या मंदिरात शिजत्या भांड्यात त्रिशूळासारखा काटा खुपसायचा आणि येईल ते याजकाने घ्यायचं, अशी रीत. हफनी आणि फिनहास चरबी जाळण्याआधीच कच्चं मांस मागू लागले, नाहीतर जबरदस्तीने घेऊ म्हणाले. आधी चरबी तरी जळू दे, मग पाहिजे तेवढं घे, असं त्यांच्या गड्याला सुनावणारा तिथे कोणी संदेष्टा नाही. बळी घेऊन आलेला साधा माणूस आहे. त्याला नियम माहीत आहे. संदेष्टा होशेय म्हणतो की हे माझ्या लोकांच्या पापावर जेवतात; हिब्रूत 'पाप' आणि 'पापार्पण' यांना एकच शब्द असल्याने ती कोटी जास्तच बोचते. मीखा म्हणतो, याजक पैसे घेऊन शिकवतात. मलाखी सांगतो की याजकाच्या ओठांनी ज्ञान राखावं अशी अपेक्षा होती, तुम्ही तर वाटच सोडलीत. पुरोहितांवरची इतकी कडक टीका पुरोहितांनीच जपलेल्या ग्रंथांत उतरते, पिढ्यान्‌पिढ्या मोठ्याने वाचली जाते. हे कुठल्या लुटारू टोळीने केलं असतं?

कुंपण खरोखर कधी कोसळलं ते बघितलं म्हणजे ते कशासाठी होतं हे कळतं. इ.स.पू. १७५च्या सुमाराला यासोन नावाच्या माणसाने अंतियोख चौथा या ग्रीक राजाला चांदी कबूल करून मुख्य याजकपद मिळवलं. तीनेक वर्षांनी मेनेलाउसने ३०० तालांत (चांदीचं मोठं वजन) जास्त बोलून ते त्याच्याकडून काढून घेतलं. बाबेलमधला व्यवहार आता यरुशलेमला पोचला होता: सेवा विकाऊ झाली. मग हासमोनी या ज्यू राजघराण्याने सिंहासन आणि याजकपद एकाच डोक्यावर ठेवलं. जमीन, सैन्य, कर आणि वेदी, सगळं एका हातात. पुढे रोमचा मांडलिक राजा हेरोद याने मुख्य याजक नेमायचे आणि काढायचे, मग रोमी सुभेदारांनी. इ.स. ६० च्या आसपासची अवस्था जोसीफस सांगतो: मुख्य याजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन दशमांश दांडगाईने उचलून नेत, आणि गरीब याजक उपासमारीने मरत. खळ्यावर! म्हणजे जे वतन रयतेच्या खुशीवर होतं ते आता काठीवर आलं, आणि काठी पहिल्यांदा पडली ती आपल्याच भाऊबंदांच्या पोटावर. तालमूद या ज्यू पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात या घराण्यांवरचा एक विलाप जपलेला आहे. स्वतः मुख्य याजक, मुलगे खजिनदार, जावई देखरेखीवर आणि नोकर लोकांना सोटे मारतात, असा त्याचा सूर. त्यात काथ्रोस घराण्याच्या लेखण्यांच्या नावाने बोटं मोडली आहेत. १९७० मध्ये जुन्या यरुशलेममध्ये नाहमान अविगाद यांनी उकरलेल्या एका जळक्या घरात दगडी वजन मिळालं, त्यावर कोरलेलं नाव बार काथ्रोस. इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्ध उठलेले बंडखोर शहरात घुसले तेव्हा त्यांनी मुख्य याजक अनन्याचं घर पेटवलं आणि लगोलग सरकारी दप्तरखाना जाळला, कारण कर्जरोखे तिथे होते. पुरोहिताचं घर आणि सावकाराची कागदपत्रं एकाच दिवशी, एकाच रागाने जळली.

तिसऱ्या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते आहे असा आव मी आणणार नाही. हे सगळं जन्मावर होतं. अहरोनाच्या घरात जन्मलात तर वेदी तुमची, बाकीच्यांनी अंगणात थांबायचं. बायकांना तर वेदी नाहीच. अंगात व्यंग असलेल्या याजकपुत्राला पवित्र अन्न खाता येई, पण वेदीजवळ जाता येत नसे. कोरहाचा प्रश्न धरणीने गिळून सुटत नाही. हिला देवाची व्यवस्था म्हणून वंदन करणाऱ्यांनी हे कलम गाळून वंदन करू नये. एवढंच खरं की त्या परंपरेनेच पुढे त्यावर घाव घातला. इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेल्या मिश्नेत मानपानाचा क्रम लावलेला आहे: याजक, मग लेवी, मग साधा इस्राएली, त्याच्याही खाली निषिद्ध संबंधातून जन्मलेला, आणि त्याच्याखाली आणखी काही. पण पुढे म्हटलं आहे की हा निषिद्ध संबंधातून जन्मलेला माणूस विद्वान असेल आणि मुख्य याजक अडाणी असेल, तर मान त्या विद्वानाचा.

राहिले दुसरे गृहस्थ, त्यागवाले. त्यांची चूक जास्त गोड असल्यामुळे जास्त काळ टिकते. याजक संन्यासी नव्हता. त्याला बायको होती, मुलं होती, ताटात मटण होतं. 'देव माझं वतन' हे त्याच्या अंतर्मुख ध्यानातून आलेलं वाक्य नाही, वाटणीच्या कागदातलं कलम आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ झाला तो नंतर, आणि गंमत अशी की तो याजकापुरता राहिलाच नाही. सोळाव्या स्तोत्रातला गाणारा म्हणतो, परमेश्वर माझ्या वतनाचा वाटा आहे. मापाच्या दोऱ्या माझ्यासाठी रमणीय ठिकाणी पडल्या. मोजणीच्या दोऱ्या, वाटा, वतन, सगळी भाषा तलाठ्याची, आणि बोलणारा कोणीही असू शकतो. यरुशलेम बेचिराख झाल्यावर लिहिलेल्या विलापगीतातही तेच: परमेश्वर माझा वाटा. जमीन सगळ्यांचीच गेली तेव्हा बिनजमिनीच्या माणसाचं कलम सगळ्यांच्या उपयोगी पडलं. आमच्या गृहस्थांनी याचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यासाठी लेव्याला साधू करायची गरज नाही.

इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं आणि याजकाचं काम एका दिवसात संपलं. वेदी नाही, राख नाही, बळी नाही. अहरोनाच्या वंशजांकडे, म्हणजे आजच्या कोहेन मंडळींकडे, उरलं ते थोडंसं: तोरावाचनाला पहिला मान, थोरल्या मुलाला सोडवण्याचा पाच नाण्यांचा विधी, हात उंचावून द्यायचा तो आशीर्वाद, आणि कब्रस्तानात पाऊल ठेवण्याची बंदी. शिकवण्याचं काम रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, उचललं, कारण त्याला वेदी लागत नव्हती. याचा आपल्या जवळचा दाखला कोकणात आहे. रायगडच्या गावांतून तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल. त्यांच्यात कोहेन घराणी नव्हती. तरीही शब्बाथ, सुंता, 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना टिकली. तंटे सोडवायला आणि विधी लावायला त्यांचे काजी होते, आणि पुढे कीर्तनाच्या चालीवर मराठीत मोशे-अहरोनाची आख्यानं लावणारेही झाले. याजक नसलेल्या समाजाने याजकाची गोष्ट टाळ वाजवून जपली.

एक शेवटचं, मरणाच्या त्या बंद दाराबद्दल. १९७९ मध्ये यरुशलेमच्या हिन्नोम खोऱ्याच्या कडेला गाब्रिएल बारकाई यांना खडकात खोदलेल्या एका थडग्यात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. लहान गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम चार सेंटिमीटरची भरली. इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्याच्या सुरुवातीच्या त्या पत्र्यांवर केसासारख्या अक्षरांत याजकाचा आशीर्वाद कोरलेला आहे: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो. हे बायबलमधल्या मजकुराशी जुळणारं आजवर सापडलेलं सगळ्यांत जुनं लिखाण. जिथे याजकाला पाऊल ठेवायची मुभा नव्हती त्या थडग्यात ते कोणीतरी गळ्यात बांधून नेलं होतं.